न्गुगींनी इंग्रजीला रामराम ठोकला, मग पगार इंग्रजी विभागाचा का?

खडूफळा (धागाकर्ता)

मंडळी, केनियाचे न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ ला अमेरिकेत वारले, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन. तेव्हापासून आमच्या मराठीप्रेमी व्हॉट्सॲप गटांत त्यांचा फोटो अधूनमधून फिरतो. खाली ओळ ठरलेली : ‘मातृभाषेसाठी इंग्रजी सोडणारा महान लेखक’. फोटो टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत, पण ते जाऊ द्या. मला प्रश्न खुद्द न्गुगींबद्दल पडलाय.

आधी माझी बाजू उघड करतो. तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. न्गुगी आवडता लेखक, वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलोय. म्हणूनच टोचतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३८, लिमुरूजवळ कामिरिथू गावी. बाप्तिस्म्याचं नाव जेम्स. अलायन्स हायस्कूल, मग युगांडात कंपालाचं मकेरेरे कॉलेज. १९६४ साली पहिली कादंबरी आली, इंग्रजीत. पूर्व आफ्रिकेतल्या माणसाने इंग्रजीत लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून ती गणली जाते. पुढे इंग्लंडात लीड्स विद्यापीठ, मग नैरोबी विद्यापीठात प्राध्यापकी. १९७७ साली गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक केलं, त्यापायी तुरुंग. १९८२ पासून परागंदा. १९८६ साली ‘डिकॉलनायझिंग द माइंड’ या पुस्तकात जाहीर केलं, की आता इंग्रजीत लिहिणं बंद, इथून पुढे गिकुयू आणि स्वाहिली.

आता हिशेब मांडू. ज्या माणसाने १९६८ साली नैरोबीत ‘इंग्रजी विभाग बरखास्त करा’ असं टिपण दिलं, तोच माणूस पुढे अमेरिकेत येलला, मग न्यूयॉर्क विद्यापीठात आणि २००२ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठात इर्व्हाइनला इंग्रजी आणि तुलनात्मक साहित्याचा प्राध्यापक. कादंबऱ्या गिकुयूत लिहिल्या, मान्य. पण २०१० पासून आलेल्या तिन्ही आठवणींच्या पुस्तकांची भाषा इंग्रजी. मुलांपैकी चौघं लेखक झाले आणि चौघंही इंग्रजीतून ओळखले जातात. म्हणजे बापाचा उपदेश घरच्या उंबऱ्याबाहेर गेला, आत राहिला नाही.

दांभिक हा शब्द मला जड वाटतो. पण जे स्वतःला पूर्णपणे झेपलं नाही ते जगाला सांगितलं, एवढं तरी म्हणता येईल का? माझं मत : येईल. खोडून काढा.

---

रानवारा

गुरुजी, खोडतो. १९६८ चं टिपण तुम्ही शीर्षकापुरतं वाचलंय असं वाटतं. (वर्गात शिकवता म्हणालात म्हणून जरा जोरात बोलतोय, राग नसावा.)

टिपणावर तीन सह्या होत्या : न्गुगी, हेन्री ओवूर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग. त्यांचं म्हणणं शेक्सपिअर जाळा असं नव्हतंच. एकाच संस्कृतीची अखंड परंपरा अभ्यासायची असेल तर ती इंग्रजांचीच का, आफ्रिकेची का नको, एवढा साधा सवाल. मधोमध पूर्व आफ्रिकेचं साहित्य ठेवायचं, भोवती उरलेली आफ्रिका आणि कॅरिबियन, मग बाकीचं जग. इंग्लंड त्या बाकीच्या जगात. आणि छापील साहित्याच्या जोडीला मौखिक साहित्य सक्तीचं. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. नैरोबीत खरोखर ‘साहित्य विभाग’ झाला आणि १९७३ साली न्गुगी त्याचे प्रमुख झाले. पोरं सुट्टीत गावी जाऊन आज्यांकडून गोष्टी, गाणी, उखाणे उतरवून आणू लागली आणि त्यावर परीक्षा होऊ लागली. आपल्याकडे लोकसाहित्य अजून एका ऐच्छिक पेपराच्या कोपऱ्यात बसलंय.

राहिला पगाराचा मुद्दा. ३१ डिसेंबर १९७७ च्या अपरात्री पोलिसांनी उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. कामिटीच्या कडेकोट तुरुंगात, कैदी क्रमांक के ६,७७. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा वारल्यावर डिसेंबर १९७८ मध्ये सुटले. नैरोबी विद्यापीठाने परत घेतलं का? नाही. केन्याटांनंतर आलेल्या मोई सरकारच्या काळात ती खुर्ची त्यांना मिळालीच नाही. १९८२ साली पुस्तकाच्या प्रकाशनासाठी लंडनला गेले, तिथे निरोप आला की परतलात तर स्वागताची तयारी वेगळीच आहे. बावीस वर्षं घर दिसलं नाही.

आता सांगा, त्या माणसाने कुठे शिकवायचं? येलने गिकुयू विभाग काढून ठेवला होता का? ज्याला घरातून हाकललंय त्याला ‘भाड्याच्या खोलीत का राहतोस’ असं विचारण्यातला हा प्रकार आहे. आणि न्यूयॉर्कला असतानाच, १९९४ मध्ये, त्यांनी ‘मुतीरी’ नावाचं गिकुयू नियतकालिक सुरू केलं, हे तुमच्या हिशेबात जमेला धरलेलं दिसत नाही.

---

खवचट_आजोबा

विंदा इंग्रजी शिकवत. नेमाडे इंग्रजी शिकवत. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते आणि स्वतःच्या मराठी कथा स्वतःच इंग्रजीत नेत. महाराष्ट्रात इंग्रजीच्या पगारावर मराठी साहित्य उभं राहिलंय हो. आपल्या गल्लीतल्यांना सोडून तुम्ही थेट केनियाला नोटीस पाठवलीत!

---

खडूफळा

आजोबा, विंदांनी ‘आजपासून इंग्रजी बंद’ असं छापून जाहीर केलं नव्हतं. सारंगांनीही नाही. माझा आक्षेप नोकरीवर कमी, जाहीरनाम्यावर जास्त आहे.

रानवारा, नैरोबीने परत घेतलं नाही हा मुद्दा मी विसरलो नव्हतो, पण त्याला द्यायला हवं तेवढं वजन दिलं नाही. तेवढं मागे घेतो. आठवणींच्या पुस्तकांबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

---

तिसरीघंटा

तुम्ही सगळे विभाग, खुर्च्या आणि पगार यातच अडकलात. या माणसाने भाषा का बदलली ते विद्यापीठात सापडणार नाही, कामिरिथूत सापडेल. मी हौशी रंगभूमीवाली, त्यामुळे मला हा भाग पुस्तकांपेक्षा प्यारा. जरा लांबण लागेल.

गावात एक मोडकळीला आलेलं युवक केंद्र होतं. गावातली एक बाई न्गुगींच्या दारी खेटे घालायची : एवढे शिकलात, गावासाठी काहीतरी करा. तिच्या चिकाटीपायी ते गेले. आधी प्रौढ साक्षरता वर्ग. मग न्गुगी आणि न्गुगी वा मिरी (नावबंधू, नातेवाईक नव्हेत) यांनी नाटकाचा आराखडा लिहिला, ‘न्गाहिका न्देन्दा’. अर्थ ‘मनात येईल तेव्हा लग्न करीन’. ऐकायला फार्स वाटतो, आहे मात्र जमीन हडपण्याची गोष्ट. गरिबाची दीड एकर जमीन आणि श्रीमंत ख्रिस्ती सावकाराची तिच्यावर नजर.

लिमुरूत बाटाचा बुटांचा कारखाना आहे, आजूबाजूला चहाचे मळे. नट कोण? कारखान्यातले कामगार, मळ्यातल्या मजूर बायका, बेकार पोरं. तालमी उघड्यावर, कुणीही यावं, बसावं, टोकावं. आणि लोक टोकायचे! म्हातारा माणूस असं बोलणार नाही, ही म्हण इथे बसत नाही, हे गाणं असं नाहीच मुळी. विद्यापीठातल्या प्राध्यापकाची भाषा अंगठेबहाद्दर दुरुस्त करत होते. न्गुगींनी स्वतः लिहून ठेवलंय, की आपली भाषा आपण तिथे नव्याने शिकलो. मग गावकऱ्यांनीच अंगमेहनतीने उघडं नाट्यगृह बांधलं, दोन हजारांच्या आसपास माणसं बसतील असं.

२ ऑक्टोबर १९७७ ला पहिला प्रयोग. लोक लांबून गाड्या करून आले. १६ नोव्हेंबरला सरकारने परवाना काढून घेतला. आता गंमत पाहा. त्याच वर्षी त्यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी आली होती. सरकारची सालटी काढणारी. तिचं प्रकाशन व्यवस्थित पार पडलं. इंग्रजीत शिव्या घातल्या तर सरकारला चालतं, कारण ज्यांचं पोट जळतंय ते वाचणार नसतात. तेच गिकुयूत, बाटाच्या कामगाराच्या तोंडून आलं की तुरुंग. भाषेचा प्रश्न न्गुगींना प्रबंध लिहून सुटला नाही, सरकारने सोडवून दिला.

१९८२ मध्ये त्यांनी त्याच गावकऱ्यांबरोबर दुसरं नाटक करायचं ठरवलं, तर पोलिसांनी ते नाट्यगृहच भुईसपाट केलं. नाटक बंद पाडण्यासाठी इमारत पाडणारं सरकार मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

---

उंबरठ्यापलीकडे

तिसरीघंटा, सुंदर लिहिलंत. तरीही मी धागाकर्त्याच्याही पुढे जाऊन विरोध करणार आहे.

इंग्रजी सोडण्याची चैन ती हातात असलेल्यालाच परवडते. न्गुगींची आई वांजिकू, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिने पोराला १९४७ साली शाळेत घातलं ते गिकुयू शिकायला नव्हे, ती त्याला येतच होती. पुढे अलायन्स हायस्कूल, म्हणजे केनियातल्या काळ्या मुलांसाठी त्या काळची सर्वांत नावाजलेली शाळा, त्याला मिळाली. मकेरेरे मिळालं, लीड्स मिळालं. जगाने त्यांचं गिकुयूतलं लेखन मनावर घेतलं, कारण आधी इंग्रजीत नाव झालं होतं. शिडी चढून झाल्यावर वरून सांगायचं, की शिडी परकी आहे, वापरू नका.

आमच्याकडे सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ काढलं, त्यात ‘इंग्रजी माऊली’ नावाची कविता आहे. माऊली! ज्यांना पेशवाईत अक्षर शिकायची बंदी होती त्यांना इंग्रजी ही गुलामगिरीची भाषा वाटली नाही, गुलामगिरीतून निसटायची फट वाटली. न्गुगींच्या मांडणीत ही फट कुठेच नाही. त्यांच्यासाठी मातृभाषा म्हणजे आईच्या चुलीभोवतीच्या गोष्टी. माझ्या वडिलांसाठी शाळेतली मराठी म्हणजे ‘न’ चा ‘ण’ म्हणता आला नाही म्हणून खाल्लेली पट्टी आणि वर्गभर हशा. ती मातृभाषा कुणाच्या आईची होती?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे, मातृभाषा इग्बो, ते इंग्रजीत का राहिले, याला ‘इंग्रजीधार्जिणे होते’ एवढंच उत्तर लोक देतात. मिशनऱ्यांनी वेगवेगळ्या बोली एकत्र शिवून ‘युनियन इग्बो’ नावाची गोधडी तयार केली आणि १९१३ साली तीत बायबल छापलं. अचेबेंना ती भाषा मेलेली वाटायची. १९९९ साली ओवेरीत त्यांनी इग्बोत व्याख्यान दिलं ते प्रमाण इग्बोत नाही, आपल्या गावाकडच्या बोलीत, आणि त्यावरून वाद पेटला. म्हणजे इग्बोवर प्रेम होतंच. फक्त छापील इग्बो ही आपल्या आईची भाषा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला अचेबे जास्त प्रामाणिक वाटतात.

---

रानवारा

‘ण’ च्या पट्टीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, तो अपमान खराच आहे. पण न्गुगींच्या शाळेतला प्रकार वेगळा होता. माऊ माऊ बंडामुळे इंग्रजांनी १९५२ साली लावलेल्या आणीबाणीनंतर शाळा सरकारच्या ताब्यात गेल्या. शाळेच्या आवारात जो गिकुयू बोलताना सापडेल त्याला छड्या, नाहीतर गळ्यात ‘मी गाढव आहे’ अशी पाटी. सापडायचा कसा? सकाळी एका पोराच्या हाती एक बटण द्यायचे. त्याने ते गिकुयू बोलणाऱ्या दुसऱ्याला द्यायचं, त्याने तिसऱ्याला. संध्याकाळी ज्याच्याकडे बटण, तो सांगणार आपल्याला कुणी दिलं, तो त्याच्या आधीच्याचं नाव घेणार. दिवसभरातले सगळे गुन्हेगार रांगेत. म्हणजे पोरांनाच एकमेकांवर हेर करून सोडलेलं. आणि बाहेर काय चाललं होतं? एक भाऊ माऊ माऊंबरोबर जंगलात, आईला चौकीत कोंडून चौकशी, बहिरा सावत्र भाऊ सैनिकाचं ‘थांब’ ऐकू आलं नाही म्हणून गोळीला बळी. सुट्टीत अलायन्सहून घरी आले तर घरच जागेवर नव्हतं, अख्खं गाव पाडून दुसरीकडे हलवलेलं.

सावित्रीबाईंना इंग्रजी माऊली वाटली याला कारणं आहेत. न्गुगींना ती तशी वाटावी असं काय घडलं होतं? दोन्ही खरं असू शकतं.

---

उंबरठ्यापलीकडे

दोन्ही खरं असू शकतं हेच तर माझं म्हणणं. न्गुगी ते म्हणत नाहीत. ते साऱ्या आफ्रिकी लेखकांना नियम घालून देतात.

---

मांडवीतीर

गोंयकाराचा एक अवांतर प्रतिसाद, सांभाळून घ्या. पूर्व आफ्रिकेत आमची माणसं पिढ्यानपिढ्या होती : कारकून, शिंपी, आचारी, मास्तर. न्गुगींनी आशियाशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल लिहिताना पियो गामा पिंटोचा उल्लेख केलाय. नैरोबीत जन्मलेला गोवेकर, गोवामुक्तीच्या कामातही होता आणि केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातही. फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत घराबाहेर गोळ्या घालून मारला. स्वतंत्र केनियातली पहिली मोठी राजकीय हत्या.

पण मुद्दा दुसराच. पीटर नाझारेथ हे नाव इथे कुणी घेतलं नाही. कंपालाचा गोवेकर, मकेरेरे आणि लीड्स दोन्हीकडे शिकलेला, म्हणजे न्गुगींच्याच वाटेवरचा. १९७२ साली पहिली कादंबरी आली आणि त्याच वर्षी इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं. पुढे नाझारेथ आयोवात साहित्याचे प्राध्यापक झाले (एल्विस प्रेस्लीवरही अभ्यासक्रम शिकवायचे, अमेरिका ती!). आता न्गुगींचं सूत्र यांना लावून दाखवा. मायबापांची कोकणी, कचेरीत इंग्रजी, बाजारात स्वाहिली आणि लुगांडा. यांनी कुठल्या भाषेत लिहायचं होतं? कोकणीत लिहिलं तर कंपालात वाचणार कोण, आणि कुठल्या लिपीत, रोमी की देवनागरी? आमचा तो तंटा घरीच मिटलेला नाही.

---

पाऊसवेडी

मांडवीतीर यांच्या प्रतिसादाला जोडून. केनियात चाळीसच्या वर भाषा आहेत आणि गिकुयू ही त्यातली दुबळी भाषा नव्हे. देशातला सर्वांत मोठा समाज गिकुयू. केन्याटा, किबाकी, पुन्हा धाकटे केन्याटा, असे तीन राष्ट्राध्यक्ष त्याच समाजाचे. लुओ किंवा तुर्काना वाचकाला ‘गिकुयूत लिहिणं म्हणजे मुक्ती’ हे कसं ऐकू येत असेल? न्गुगींचं यावर उत्तर होतं, भाषांतर. सगळ्या भाषा एका पातळीवर आणि भाषांतर त्यांच्यातला पूल. त्यांची एक छोटी कथा, माणसं दोन पायांवर का चालतात याची, शंभराहून जास्त भाषांत गेली. छान झालं. पण लुओ आणि गिकुयूमधला पूल बहुतेक वेळा इंग्रजीच असतो.

आणखी एक, कुणी बोलत नाहीये म्हणून. २०२४ मध्ये त्यांचा मुलगा मुकोमा, तोही लेखक आणि कॉर्नेलला प्राध्यापक, याने जाहीरपणे लिहिलं, की वडील आईला, न्याम्बुराला, मारहाण करत. धागाकर्त्याला ‘घरच्या उंबऱ्याआत’ काय राहिलं याचा हिशेब करायचाच असेल, तर तो मुलांच्या इंग्रजीपासून का सुरू करायचा?

---

खवचट_आजोबा

पाऊसवेडीताई, याला खवचट उत्तर नाही माझ्याकडे.

---

तिसरीघंटा

मला माहीत नव्हतं हे. कामिरिथूत त्यांना ओढून आणणारी बाईच होती आणि त्यांच्या पुस्तकांतल्या बायका ताठ मानेच्या आहेत. वरीन्गा आठवते, तुरुंगात लिहिलेल्या ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ या गिकुयू कादंबरीतली, साहेबाची कारकून ते मोटार मेकॅनिक. आता ती परत वाचताना हे डोक्यात राहणार.

---

खडूफळा

पाऊसवेडी, पटलं. तो मुलांचा टोमणा मी सहज मारून गेलो. मागे घेतो. मुलांनी कुठल्या भाषेत लिहावं हा त्यांचा प्रश्न, शिवाय ती वाढली ती बाप तुरुंगात नाहीतर परदेशात असताना.

आठवणींच्या पुस्तकांबद्दल अजून कुणी बोललं नाही. मीच शोधलेलं उत्तर देतो, पटलं नाही तर सांगा. १९८६ नंतर न्गुगींनी कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या नाहीत. ‘मातिगारी’ गिकुयूत, नंतरची जादूगाराची जाडजूड कादंबरी गिकुयूत. गिकुयू आणि मुंबी या आद्य जोडप्याच्या कथेवरचं काव्य गिकुयूत, त्याचं इंग्रजी त्यांनी स्वतः केलं आणि २०२१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत आलं. आफ्रिकेच्या देशी भाषेतून तिथे पोचलेलं ते पहिलंच पुस्तक. म्हणजे कल्पना गिकुयूची, वाद इंग्रजीचा. भांडायचं ज्यांच्याशी त्यांच्या भाषेत, गोष्ट सांगायची आपल्या माणसांना. अशी वाटणी असेल तर जाहीरनामा मोडला असं मला आता म्हणवत नाही. पण जाहीरनाम्यात ही वाटणी लिहिलेली नव्हती, एवढं मी सोडणार नाही.

---

रानवारा

एवढं सोडू नका, चालेल. ‘मातिगारी’चं नाव काढलंत म्हणून : १९८६ साली ती आली आणि गावोगावी लोक मातिगारी नावाच्या माणसाबद्दल बोलू लागले, की तो न्याय मागत फिरतोय. सरकारी कानावर हे पडलं आणि मातिगारीला पकडायचा हुकूम सुटला. शोधाशोध केल्यावर कळलं की तो पुस्तकातला आहे. मग दुकानांतून पुस्तकंच उचलून नेली. इंग्रजी कादंबरीतल्या कुठल्या पात्रावर असं वॉरंट निघालंय?

---

खवचट_आजोबा

तुरुंगात संडासच्या कागदावर लिहिलेली ती वरीन्गाची कादंबरी, तिच्या गिकुयू शीर्षकातला पहिला शब्द उच्चारायचा ‘शाइतानी’. स्वाहिलीतला शेतानी, अरबीतला शैतान, आपला सैतान. शुद्ध मातृभाषेचा झेंडा लावायचा तर पहिल्याच शब्दाला दाखला विचारावा लागेल. हलके घ्या.

---

तिसरीघंटा

आजोबा, त्याच पुस्तकाची गोष्ट. १९८० मध्ये गिकुयूत आलं, वर्षभरात पंधरा हजारांच्या आसपास प्रती छापाव्या लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ते ‘वाचलं’. घरी रात्री एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, मतातूत (तिथली वडाप), आणि बारमध्ये. बारमधला वाचणारा ऐन रंगात यायचा आणि ग्लास रिकामा झाला की थांबायचा. पुढे काय झालं ते हवं असेल तर लोकांनी ग्लास भरायचा.

---

खडूफळा

हे सोमवारी वर्गात सांगतो. ग्लासाच्या जागी चहा म्हणेन, आमचे प्राचार्य इथे वाचनमात्र असतात.